म्हातारपणी कमरेचं कडं किंवा खुब्याची वाटी मोडली तर काय करायचं : घरच्यांसाठी मार्गदर्शक

‘खुबा मोडला’ म्हटलं की पुढचं सगळ्यांना माहीत असतं. ऑपरेशन, बॉल बदलणं, दुसऱ्या दिवशी वॉकर. पण त्याच्या शेजारचं हाड मोडलं, म्हणजे पेल्विस किंवा खुब्याचा बॉल ज्या वाटीत बसतो ती वाटी, तर घरच्यांचा गोंधळ उडतो. डॉक्टर म्हणतात, “ऑपरेशनची गरज नाही, घरी न्या, आराम द्या.” आराम म्हणजे किती, कसा, उठवायचं की नाही, संडासला कुठे न्यायचं, हे विचारेपर्यंत डिस्चार्जचा कागद हातात आलेला असतो.

मी डॉक्टर नाही. आमच्याकडे सासूबाईंचं पेल्विस मोडलं आणि पुढे काकांची वाटी. तेव्हापासून नात्यागोत्यात कुणी आजी-आजोबा पडले की फोन मला येतो. फोनवर जे सांगते ते इथे एकदा नीट लिहून ठेवते आहे. औषधांची नावं दिली आहेत ती डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून, स्वतःहून सुरू करण्यासाठी नव्हे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्याभोवती आहेत. यातली बरीचशी हाडं आपली आपण जुळतात. माणूस खचतो तो पलंगावर पडून राहिल्याने. न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात गुठळ्या, भ्रम, आणि तीन आठवड्यांत काडीसारखे झालेले पाय. म्हणून दुखणं आवाक्यात आणून लवकरात लवकर बसवणं आणि उभं करणं हाच खरा उपचार आहे. ऑपरेशन केलं तरी ते त्यासाठीच करतात.

१. नेमकं काय मोडलं आहे ते समजून घ्या

पेल्विस म्हणजे हाडांचं कडं. दोन बाजूंना दोन मोठी हाडं, पुढे ती जांघेच्या वर एकत्र येतात, मागे त्यांच्यामध्ये पाचरीसारखं सेक्रम बसतं, माकडहाडाच्या वरचं. काचेची बांगडी सहसा एकाच ठिकाणी तुटत नाही, तसंच या कड्याचं. पुढची बारीक हाडं, ज्यांना डॉक्टर ‘रॅमस’ म्हणतात, ती मोडलेली एक्स-रेत दिसतात. मागे सेक्रमला गेलेली चीर मात्र पुष्कळदा दिसत नाही.

वाटी, म्हणजे ॲसिटॅब्युलम, याच हाडाच्या बाहेरच्या अंगाला असते. माणूस कुशीवर पडला की मार मांडीच्या वरच्या टोकावर बसतो आणि मांडीच्या हाडाचा बॉल आतल्या बाजूला ढकलला जाऊन वाटी फोडतो. कधी कधी बॉल वाटीसकट पोटाच्या दिशेने आत सरकतो.

तरुणांत ही हाडं मोटारसायकलच्या अपघातासारख्या मोठ्या माराशिवाय सहसा मोडत नाहीत. वय झालेल्यांत उभ्या उंचीवरून पडणं पुरतं. पलंगावरून उतरताना घसरणं, मोरीत पाय सरकणं एवढंच. काही वेळा तर पडण्याचीही गरज नसते. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांना, किंवा गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर रेडिएशन झालेल्या बायकांना, न पडताही सेक्रमला चिरा जातात. मग महिनोन्‌महिने ‘कंबर धरली आहे’ म्हणून मलम चोळणं चालतं.

२. पडल्यानंतरचे पहिले काही तास

काखेत हात घालून उचलून “बघू चालता येतंय का” हा प्रयोग करू नका. सपाट, घट्ट आधारावर झोपवून न्या. महाराष्ट्रात १०८ वर फोन केला तर रुग्णवाहिका येते. ती मिळेपर्यंत पाण्याचा घोट द्यायचा का, हे त्याच फोनवर विचारा.

कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या तीन गोष्टी स्वतःहून सांगा. कुणी विचारेल याची वाट पाहू नका.

– रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का : इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अपिक्साबान वगैरे.
– डोक्याला मार लागला आहे का. लागला असेल आणि वरची गोळी सुरू असेल तर डोक्याच्या सीटीबद्दल विचारा.
– जमिनीवर किती वेळ पडून होत्या, आणि पडण्याआधी चक्कर आली होती का.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा का, तर पेल्विसच्या फ्रॅक्चरमध्ये रक्त आतल्या आत साठू शकतं. वरून जखम दिसत नाही, माणूस फक्त फिकट आणि सुस्त होत जातो. म्हणून पहिलं हिमोग्लोबिन ठीक आलं तरी काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बघायला सांगा. जुन्या रिपोर्टमधला आकडा सोबत असेल तर फरक लगेच कळतो.

सोबत न्यायची पिशवी : आधार कार्ड, रेशन कार्ड, विमा कार्ड, चालू औषधांच्या स्ट्रिप्स (यादी नव्हे, प्रत्यक्ष पाकिटं), मागचे रक्ताचे आणि ईसीजी-इकोचे रिपोर्ट, पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड, चष्मा, कानाचं यंत्र, कवळी ठेवायचा डबा. शेवटच्या तीन वस्तू लोक हमखास घरी विसरतात. त्यांचं काम पायरी ५ मध्ये कळेल.

३. ‘मुका मार आहे’ हे उत्तर कधी स्वीकारायचं नाही

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. खुब्याचा एक्स-रे काढतात, मांडीचं हाड शाबूत दिसतं, आणि मुका मार म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवतात. माझा नियम साधा आहे : काल स्वतःच्या पायाने देवळात जाऊन आलेलं माणूस आज एक पाऊल टाकू शकत नसेल, तर सीटी होईपर्यंत तो मुका मार नाही.

काय मागायचं :

– फक्त एका खुब्याचा नव्हे, तर पूर्ण पेल्विसचा एक्स-रे.
– पुढचं हाड मोडलेलं दिसलं, किंवा काहीच दिसलं नाही पण चालता येत नाही, तर पेल्विसचा सीटी स्कॅन. मागचा भाग बघायचा असतो हे स्पष्ट सांगा.
– सीटीतही काही नाही आणि दुखणं तसंच, तर एमआरआय. हाडाच्या आतली सूज त्यात दिसते, म्हणून बारीक चीरही सुटत नाही. पेसमेकर असेल तर आधी विचारा.
– वाटीचं फ्रॅक्चर असेल तर सीटी लागतोच, त्रिमितीय चित्रांसह. सोबत तिरक्या कोनातून दोन एक्स-रे काढतात.

म्हातारं माणूस नेमकं कुठे दुखतं ते सांगत नाही, “सगळीकडेच दुखतंय” म्हणतं. तुम्ही बारकाईने पाहा. जांघेत कळ येते का, कुशीवर वळताना ओरडतात का, पाठीच्या तळाशी, दोन खळ्यांच्या मध्ये दाबलं तर दुखतं का. हे शेवटचं लक्षण सेक्रमकडे बोट दाखवतं. डॉक्टरांना सांगा.

फिल्मसोबत सीडी किंवा पेनड्राइव्हवर पूर्ण स्कॅन मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवताना फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो फारसे उपयोगाचे नसतात.

४. ऑपरेशन लागेल का

इथे डॉक्टरांची भाषा थोडी कळली तर बोलणं सोपं जातं. वृद्धांच्या पेल्विस फ्रॅक्चरसाठी रोमेन्स आणि हॉफमन या जर्मनीत काम करणाऱ्या सर्जननी २०१३ मध्ये मांडलेले चार प्रकार वापरले जातात. पहिला : फक्त पुढचं हाड. दुसरा : मागेही चीर आहे पण हाड सरकलेलं नाही. तिसरा : मागे एका बाजूने सरकलं आहे. चौथा : मागे दोन्ही बाजूंनी. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच, “डॉक्टर, फक्त पुढे आहे की मागेही, आणि मागे असेल तर सरकलं आहे का?”

पहिल्या प्रकारात ऑपरेशन बहुधा लागत नाही. दुसऱ्या प्रकारात आधी वेदनाशामक देऊन उभं करून बघतात. आठवडाभर नीट औषध देऊनही माणूस पलंगाच्या कडेला बसूच शकत नसेल, तर पुन्हा सीटी आणि मग लहान छेदातून मागे लांब स्क्रू घालण्याचा विचार. “वय झालंय, आता कशाला चिरफाड” हा सल्ला नातेवाईक हमखास देतात. पण हे स्क्रू अर्ध्या-पाऊण इंचाच्या छेदातून जातात. महिनाभर अंथरुणात कण्हत ठेवणं ही त्यापेक्षा कमी जोखमीची गोष्ट नाही. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात, तब्येत झेपणारी असेल तर, ऑपरेशनकडे कल असतो.

वाटीचं गणित वेगळं. तिथले शब्द, पुढचा ‘कॉलम’ (वाटीला आधार देणारा हाडाचा खांब), मागचा ‘कॉलम’, मागची ‘वॉल’ (भिंत), हे पॅरिसच्या ज्युडे आणि लेतुर्नेल यांच्या १९६४ च्या वर्गीकरणातून आले आहेत. वयस्करांत बहुधा पुढचा कॉलम आणि वाटीची आतली भिंत मोडते. तुम्ही हे विचारा :

– बॉल वाटीच्या छताखाली नीट आहे की आत किंवा बाहेर सरकला आहे?
– वाटीचं छत, म्हणजे वजन जिथे पडतं तो भाग, दबला आहे का?
– आधीचा संधिवात आहे का?

बॉल जागेवर असेल आणि छत शाबूत असेल तर ऑपरेशनशिवाय भागतं. बॉल सरकला असेल तर प्लेट लावून वाटी उभी करतात. छत दबलं असेल, बॉललाही मार असेल किंवा सांधा आधीच झिजलेला असेल, तर वाटी बांधून त्याच वेळी पूर्ण खुबा बदलण्याचा पर्यायही असतो. काकांना तोच सुचवला होता, कारण नुसती प्लेट लावली असती तर पुढे खुबा बदलायला पुन्हा टेबलावर जावं लागण्याची शक्यता होती. काही ठिकाणी अजूनही पायाला वजन लावून सहा आठवडे ट्रॅक्शनमध्ये ठेवण्याचा सल्ला मिळतो. ऑपरेशनपर्यंतचे काही दिवस ट्रॅक्शन समजू शकतं. सत्तरीच्या पुढच्या माणसाला महिना-दीड महिना तसं बांधून ठेवणं म्हणजे वर सांगितलेले सगळे त्रास ओढवून घेणं. असा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्याच.

दुसरं मत कुणाकडे? पेल्विस आणि ॲसिटॅब्युलमचं काम प्रत्येक हाडांचे डॉक्टर नियमित करत नाहीत. गुडघे बदलण्यात नामांकित असलेले सर्जनही हे काम दुसऱ्याकडे पाठवतात, आणि पाठवतात ते प्रामाणिकपणे. “तुम्ही वाटीची ऑपरेशन्स नेहमी करता का?” असं सरळ विचारलं तर कुणी रागावत नाही. मुंबई-पुण्यातली मोठी रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे अस्थिरोग विभाग इथे चौकशी करा. मात्र वेळ घालवू नका. तीन आठवडे उलटले की हाड वेडंवाकडं जुळायला लागलेलं असतं आणि वाटी जागेवर आणणं फार अवघड होतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ऑपरेशनआधी कधी थांबवायच्या आणि कधी सुरू करायच्या हे लेखी घ्या. हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

५. पलंगातून बाहेर काढणं

आधी दुखणं. दुखतंय म्हटल्यावर गोळी देणं हा चुकीचा क्रम आहे. पॅरासिटामॉल घड्याळ लावून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, आणि व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी एक मात्रा येईल असं वेळापत्रक बसवा. इथे एक सापळा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांत ॲसिक्लोफिनॅकसोबत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. ती गोळी आणि वर साधी पॅरासिटामॉल, म्हणजे नकळत दुप्पट मात्रा. शिवाय डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक ही मंडळी वयस्कर माणसाच्या मूत्रपिंडांना आणि पोटाला मानवत नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर आणखीच सांभाळायचं. ट्रॅमाडॉलने मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठ आणि भ्रम होऊ शकतो, त्यामुळे मात्रा लहान ठेवून सुरू करतात का ते विचारा. आठवडाभर चालणारा वेदनाशामक औषधाचा पॅच दंडावर लावला असेल तर त्या जागेवर शेक देऊ नका. उष्णतेने औषध एकदम अंगात उतरतं.

मग हालचाल. पहिल्या दिवसापासून पलंगावरच घोटे वर-खाली करणं आणि मांडी आवळून सोडणं. डॉक्टरांनी परवानगी दिली की पलंगाचं डोकं वर करून बसवणं, मग पाय खाली सोडून कडेला बसणं, मग वॉकर धरून उभं राहणं. ही परवानगी पुष्कळदा पहिल्या दोन-तीन दिवसांतच मिळते. फक्त विचारावी लागते, कुणी आपणहून येऊन सांगत नाही. ‘किती वजन टाकायचं’ हे कागदावर लिहून घ्या. “पाय नुसता टेकवायचा, वजन टाकायचं नाही” हे सांगणं सोपं आहे. ऐंशीच्या आजींना ते जमत नाही, हातात तेवढा जोरच नसतो. जमत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, कारण दुसरा मार्ग काढता येतो.

वॉकरची उंची : ताठ उभं राहून हात खाली सोडले की मूठ मनगटाच्या रेषेपाशी आली पाहिजे. दुकानदार देईल त्या उंचीवर लोक वर्ष काढतात आणि पाठ वाकवून चालतात. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दोन्ही बाजूंनी फ्रॅक्चर असेल तर हे सगळं फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्या.

आता पडून राहण्याचे शत्रू.

पाठ आणि टाचा. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. हवेची गादी भाड्याने मिळते, पण ती आहे म्हणून कूस बदलणं थांबवायचं नसतं. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. लाल झालेली जागा चोळू नका.

छाती. तीन चेंडूंचं खेळणं देतात, स्पायरोमीटर. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. वॉर्डात निम्मे लोक फुंकत बसलेले दिसतात.

पाय. गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शन किंवा गोळी काही आठवडे चालते. ती किती दिवस, हे डिस्चार्जच्या कागदावर नसेल तर विचारून लिहून घ्या. आपल्याकडे आजारी माणसाचे पाय चेपायला सुना-नातवंडं प्रेमाने बसतात. एक पोटरी सुजली, गरम लागली, दुखते आहे, तर ती अजिबात चेपू नका आणि तेलही चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी करा. हाडवैद्याकडे ‘बसवून घ्यायला’ नेणंही यातच आलं. हे हाड ओढून बसत नाही.

लघवी आणि संडास. नळी सोयीची वाटते, पण जितकी जास्त दिवस तितका संसर्ग. बसता येऊ लागलं की काढायला सांगा, आणि काढल्यावर लघवी होते आहे ना ते पाहा. बेडपॅनसाठी कंबर उचलणं हा या फ्रॅक्चरमधला सर्वांत छळणारा प्रकार. पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवली की निम्मा त्रास जातो, आणि दिवसातून चार-पाच वेळा आपोआप उठणंही होतं. बद्धकोष्ठावर इसबगोल देतात, पण पाणी कमी पिणाऱ्या माणसात त्याने उलट घट्ट होतं. लॅक्टुलोजसारखं औषध विचारून घ्या.

भ्रम. याची कुणी कल्पना देत नाही. संध्याकाळ झाली की आजी घरातल्यांना ओळखेनाशा होतात, सलाईन उपटतात, पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांशी बोलतात. घरचे म्हणतात वेड लागलं. बहुतेक वेळा हे तात्पुरतं असतं आणि त्यामागे कारण असतं : तुंबलेली लघवी, साचलेला संडास, संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, एखादी नवी गोळी. डॉक्टरांना ही यादी तपासायला सांगा. तुमच्या हातात आहे ते म्हणजे चष्मा, कानाचं यंत्र, कवळी, दिवसा उजेड, रात्री अंधार, आणि ओळखीचं एक माणूस सतत जवळ. झोपेची गोळी मागू नका.

जेवण. फ्रॅक्चरनंतर भात-वरणाचं पाणी आणि पेज यावर ठेवायची रीत बंद करा. डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, चालत असेल तर अंडी-मासे. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर प्रथिनं रोजच्यापेक्षा जास्त लागतात. अनेक डॉक्टर वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात. नाचणीचं सत्त्व द्या, चांगलं आहे, पण त्याने औषधाची गरज संपत नाही.

६. घर

पलंग गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडा उंच हवा. खाली असेल तर लाकडी ठोकळे द्या. आंघोळीला पाट नको, रबरी बूट असलेली प्लास्टिकची भक्कम खुर्ची. न्हाणीघरात आणि कमोडपाशी आधाराचे दांडे भिंतीत पक्के बसवा. टॉवेलचा दांडा आणि नळाचा पाइप यांना धरून कुणी उठू नये. पायपुसणी उचला. उंबरठ्याला रंगीत पट्टी लावा. गाऊन घोट्याच्या वर. रात्री पलंगापासून कमोडपर्यंत दिवा. जमिनीवर मांडी घालून बसणं आणि भारतीय पद्धतीचा संडास निदान पहिले तीन महिने बंद, खुबा बदलला असेल तर कायमचाच.

घराइतकीच चौकशी शरीराची. मुळात त्या पडल्या कशामुळे? मोतीबिंदू ‘पिकू द्या’ म्हणून थांबवला आहे का? झोपेची गोळी सुरू आहे का? झोपून उठल्यावर रक्तदाब उतरतो का, हे झोपवून आणि उभं करून मोजलं तरच कळतं. सासूबाईंच्या बाबतीत घसरण्याचं खापर आम्ही फरशीवर फोडत होतो. उभं करून बीपी मोजल्यावर लक्षात आलं की तो उठताक्षणी खाली येत होता.

७. हाड ठिसूळ का झालं : याचा उपचार टाळू नका

फ्रॅक्चर जुळलं की सगळे मोकळे होतात आणि पुढचं हाड वर्षभरातही मोडू शकतं. उभ्या उंचीवरून पडून पेल्विस मोडणं हाच ऑस्टिओपोरोसिसचा पुरावा आहे. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर निदान होतं, पण तो उणे २ आला म्हणून औषध नको असं होत नाही. वयोमानाने मणक्यांवर वाढलेल्या हाडामुळे कमरेचा आकडा खोटा चांगला येतो, म्हणून खुब्याचा आकडा पाहा.

रक्ततपासणी : कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, ‘ड’ जीवनसत्त्व, पीटीएच, थायरॉइड. हिमोग्लोबिन खूप कमी आणि ईएसआर खूप जास्त असेल तर मायलोमा नाही ना, यासाठी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करायला विचारा. ठिसूळपणाआड कधी कधी हा रक्ताचा कॅन्सर लपलेला असतो.

‘ड’ जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटचे सॅशे आठवड्याला एक, असे साधारण आठ आठवडे देतात. काही घरांत ते चुकून रोज दिले जातात, आणि काही घरांत आठ आठवड्यांचे दोन वर्षं चालतात. दोन्हीने कॅल्शियम वाढून उलट्या, ग्लानी, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. कॅलेंडरवर खूण करा.

मुख्य औषधं थोडक्यात :

– अलेंड्रोनेट ७० मिग्रॅ., आठवड्यातून एकदा. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. ज्यांना अर्धा तास बसवत नाही त्यांना ही गोळी नको, अन्ननलिका भाजते.
– झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिग्रॅ., वर्षातून एकदा सलाईनमधून. आधी ‘ड’ आणि कॅल्शियम भरून काढावं लागतं, मूत्रपिंडाचं काम तपासावं लागतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स ३५ च्या खाली असेल तर देत नाहीत. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, घाबरू नका.
– डेनोसुमॅब ६० मिग्रॅ., दर सहा महिन्यांनी त्वचेखाली. हे मध्येच सोडायचं नाही. तारीख लांबली तर हाडांची घनता झपाट्याने उतरते आणि मणके एकामागून एक दबू शकतात. मुलगा परदेशात, आई गावी, आणि इंजेक्शनची आठवण कुणालाच नाही, असं घर असेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोला.
– टेरिपॅराटाइड, रोज स्वतः टोचायचं पेन, साधारण दोन वर्षांपर्यंत. नवं हाड तयार करतं. फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. पूर्वी रेडिएशन झालेल्यांना किंवा हाडाचा कॅन्सर असलेल्यांना देत नाहीत, ते आठवणीने सांगा. हे संपल्यावर दुसरं औषध सुरू करावंच लागतं, नाहीतर कमावलेलं जातं.

यांपैकी पहिली तिन्ही सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. काढायचे दात आधी काढलेले बरे, कारण जबड्याचं हाड न भरण्याचा दुर्मीळ त्रास होऊ शकतो.

डिस्चार्जच्या कागदावर हाडांचं औषध लिहिलेलं नसेल तर काउंटरवरून हलू नका.

८. पैसे आणि कागद

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता रेशन कार्डधारक सर्व कुटुंबांसाठी आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेत नसलेल्या रुग्णालयात तिचा उपयोग नाही, म्हणून दाखल करण्याआधी विचारा आणि ‘आरोग्यमित्रा’च्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी जा. सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. ते आधारवरून निघतं. आजी धडधाकट असतानाच काढून ठेवा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करा. ऑपरेशन न करता नुसतं दाखल ठेवलं तर कोणतं पॅकेज लागू होतं, की होतच नाही, हे पहिल्याच दिवशी विचारा. खासगी विम्यातही हाच वाद होतो, “हे तर घरी झालं असतं” म्हणून. त्यासाठी दाखल करण्याची गरज का होती, हे डॉक्टरांकडून कागदावर नमूद करून घ्या.

जपून ठेवायचं : डिस्चार्ज समरी, सीडी, ऑपरेशन नोट, आणि इम्प्लांटचे स्टिकर. खुब्यावर पुढे काम करायची वेळ आली तर नवा सर्जन स्टिकर आधी मागतो.

निवृत्तिवेतन असेल आणि मध्ये नोव्हेंबर आला तर हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत खुर्चीवरून उचलून नेऊ नका. जीवन प्रमाणमध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, पोस्टमनलाही घरी बोलावता येतं.

९. पुढच्या भेटी, आणि कधी थेट परत जायचं

साधारण दोन, सहा आणि बारा आठवड्यांनी एक्स-रे होतो. दुखणं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतं, सहा ते बारा आठवड्यांत बहुतेक जण वॉकरवरून काठीवर येतात. पुष्कळांना पूर्वीइतकं चालणं परत मिळत नाही, ही अपेक्षा घरात आधीच बोलून ठेवा.

पुढचं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका : अचानक धाप किंवा छातीत कळ, एका पायाला सूज, ताप, जखमेतून पाणी, नव्याने सुरू झालेला भ्रम, लघवी अडणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पाय बधिर होणं, एक पाय आखूड दिसू लागणं. आणि आणखी एक, जे लोक हमखास सोसत बसतात : चांगलं चालू लागलेल्या माणसाचं दुखणं न पडता पुन्हा वाढलं, तर कड्याची मागची बाजू सरकलेली असू शकते, किंवा दुसऱ्या बाजूला नवी चीर गेलेली असू शकते. नवा सीटी मागा, आणि जुनी सीडी सोबत न्या, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.